वाचकांचे प्रश्न : विश्वासू, पण कुणापुरता?

प्रश्न : नमस्कार बाई. मी धारूर तालुक्यातला. डी.एड. झालंय, सध्या खासगी शिकवण्या घेतो. आमच्या घरात आजोबांपासून ऊसतोडीला जाणं चालत आलेलं. मी शिकलो म्हणून त्यातून सुटलो. त्याच जगण्यावर कादंबरी लिहितोय. दोन भाऊ आहेत. थोरला सरळमार्गी, शब्दाला जागणारा. धाकटा चलाख, गोडबोल्या, वेळ पडली तर कुणालाही टोपी घालणारा. वाचकाला दोघांतला फरक कळावा म्हणून पहिल्या प्रकरणातच दोघांचे स्वभाव सविस्तर लिहिलेत. मित्राला वाचायला दिली तर तो म्हणाला, "विसाव्या पानावरच कळलं, कोण कुणाला बुडवणार ते." पहिली दोन प्रकरणं सोबत पाठवतोय. कुठं अडतंय ते सांगा.
(एक वाचक, जि. बीड)

उत्तर : तुमच्या मित्रानं बरोबर ओळखलंय. पुढची प्रकरणंही आधी त्यालाच द्या.

भाऊ एकमेकांच्या उलट स्वभावाचे असावेत यात वावगं काहीच नाही. एका आईच्या पोटचे दोघे दोन टोकांना गेलेले, असं घर प्रत्येक गावात सापडतं. अडचण अशी आहे, की 'थोरला प्रामाणिक' हा निकाल तुम्ही स्वतःच पहिल्या प्रकरणात देऊन मोकळे झालात. निकाल लागल्यावर साक्षीपुरावे ऐकायला कोण थांबतं? वाचकाला माणूस ओळखायचा असतो, त्याच्याबद्दल चुकायचं असतं, मत बदलायचं असतं. ते सगळं काम तुम्ही त्याच्या हातातून काढून घेतलंत.

आता तुमच्या दुसऱ्या प्रकरणाकडं येते. तिथं एक वाक्य आहे : 'दसऱ्याच्या आधी दोघा भावांनी मुकादमाकडून उचल घेतली.' पुढच्याच ओळीत टोळी कारखान्याच्या वाटेला लागते. त्या वाक्याशी मी अडले. माझं माहेर केज तालुक्यातलं. उचल वाटली जाते तो दिवस गावात कसा असतो, हे मी लहानपणापासून पाहिलंय. तुम्ही तर त्या घरात वाढलात. एवढा मोठा प्रसंग एका वाक्यात कसा काय उरकलात?

बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ऊसतोडीत एक 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम कारखान्याशी किंवा वाहतूकदाराशी करार करून पैसे उचलतो आणि हंगामाआधीच एकेका कोयत्याला आगाऊ रक्कम देतो. ती उचल. मग पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडून ती फेडायची. हंगाम संपला, पट्टा पडला, की हिशोब होतो. फिटली तर फिटली, नाहीतर बाकी अंगावर घेऊन गावी यायचं. हा व्यवहार बहुतेक वेळा शब्दावर चालतो. टोळीतलं एखादं जोडपं उचल घेऊन पळालं तर ते पैसे मुकादमाच्या बोकांडी बसतात. तोडणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं, तर त्याच्या नावावर किती मांडलं आणि किती वजा झालं हे मुकादमाच्या वहीत असतं, त्याच्या हातात काही नसतं. म्हणजे दोन्हीकडून विश्वास आणि दोन्हीकडून भीती. कादंबरीकाराला याहून जास्त काय पाहिजे?

तर तो प्रसंग उघडा. मी नुसता सांगाडा देते, मांस तुम्ही भरा.

मुकादम ओट्यावर बसलाय. साठ-साठ हजारांच्या दोन गड्ड्या काढून ठेवल्यात. पहिली थोरल्याच्या हातात देतो. थोरला ती न मोजता बंडीच्या आतल्या खिशात घालतो.

"मोजून घे की रं."

"तुम्ही दिलं म्हंजी बरुबरच आसंल."

दुसरी धाकट्याला. तो तिथंच उकिडवा बसतो, अंगठा जिभेला लावतो आणि मोजतो. पुन्हा मोजतो. मागं उभे असलेले चार जण चुळबुळ करायला लागतात. मग तो पाचशेची एक नोट वर धरतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, "मुकादम, ही एक जास्तीची आली बरं का."

आता थोरल्याच्या घरी चला. रात्री त्याची बायको चुलीपुढं बसून पैसे मोजते. तिच्याही हाताला एक नोट जास्तीची लागते. ती नवऱ्याकडं बघते. थोरला काय करतो?

समजा तो म्हणतो, "आसू दे. लेकराला चप्पल घिऊ." आणि कूस बदलून झोपतो.

बघा, नोट तीच, मुकादम तोच, दिवसही तोच. बदलली फक्त माणसं आणि बघणारे डोळे. धाकट्यानं चारचौघांत नोट परत केली. तो सचोटीचा म्हणून केली, की पुढच्या साली जादा उचल मिळावी म्हणून? दोन्ही खरं असू शकतं, आणि वाचक त्यावर शंभर पानं विचार करत राहील. थोरला चोर झाला का? तसंही म्हणवत नाही. लेकराच्या पायात काही नाही हे आपण आधीच्या पानावर पाहिलेलं असतं. पण 'शब्दाला जागणारा' ही पाटी आता त्याच्या गळ्यात सहजासहजी बसणार नाही. विरोधी व्यक्तिरेखांचं खरं काम हेच आहे. एकच वस्तू, एकच मागणी, एकच संकट दोघांपुढं ठेवायचं. मग एकाच्या वागण्यातून दुसऱ्याचं वागणं दिसायला लागतं. एकटा थोरला घरात नोट ठेवून घेतो हे वाचलं असतं तर आपण पुढं सरकलो असतो. धाकट्यानं ती दुपारी परत केलेली पाहिली, म्हणून रात्रीची ती नोट बोचते.

पुढं फडावर जा. तिथं आणखी एक जागा तुमची वाट बघत बसलीय. उसाचा शेंड्याकडचा हिरवा पाला म्हणजे वाढं. गुरांच्या वैरणीला ते जातं. आसपासचे लोक येऊन वाढ्याच्या पेंढ्या विकत घेतात, चार रोख पैसे मिळतात. हे पैसे मुकादमाच्या वहीत येत नाहीत. बऱ्याचदा ते बाईच्या पदराच्या गाठीला असतात. तेल-मीठ, पोराचं दुखणं-खुपणं त्यावर भागतं. आता दोन कोप्या, म्हणजे तोडणाऱ्यांच्या झोपड्या, शेजारी-शेजारी आहेत. थोरला सांज झाली की बायकोपुढं हात पसरतो, "किती झाले आज?" आणि घेतो. धाकटा अख्ख्या टोळीला उधारीत बुडवून बसलाय, पण बायकोच्या गाठीला त्यानं कधी हात लावलेला नाही. तिनं किती साठवलेत हेही तो विचारत नाही.

मला तुमच्या कादंबरीबद्दल म्हणायचंय ते हे. माणूस विश्वासू आहे का, हा प्रश्न फार ढोबळ आहे. तो कुणापुरता विश्वासू आहे, हे विचारा. मुकादमाच्या लेखी भरवशाचा असलेला माणूस बायकोच्या लेखी भरवशाचा असेलच असं नाही. बायकोला ज्याच्या जिवावर निर्धास्त झोप लागते, त्याला टोळीतला दुसरा माणूस दहा रुपयेही उसने देणार नाही. दोन्ही भावांच्या बाबतीत चार दारं ठरवा : आई, बायको, मुकादम, टोळीतला सोबती. कोण कुठल्या दाराशी खरा आहे आणि कुठं घसरतो, ते स्वतःपुरतं लिहून काढा. कादंबरीत ते लिहायचं नाही. तुम्हाला मात्र ते पाठ असायला पाहिजे.

मुकादमाला नुसता खलनायक करू नका, ही माझी विनंती. तुमच्या पहिल्या प्रकरणात त्याच्या मिशा आणि त्याची मोटारसायकल एवढंच दिसलं. त्याचं पोट माणसं ओळखण्यावर चालतं; कुणाला किती पैसे सोडायचे हे त्याला चेहऱ्यावरून ठरवावं लागतं. अशा माणसानं दोन भावांना कसं तोललंय हे आम्हाला दिसू द्या. आणि धाकट्याच्या बायकोचा अंदाज मुकादमाच्या अंदाजाच्या उलट येऊ द्या. ती अर्धा कोयता आहे, तिच्या घामावर निम्मी उचल फिटते, पण पैसे हातात घेताना तिला कुणी विचारत नाही. ती गप्प असते म्हणून सगळ्यांत जास्त तिलाच दिसतं.

पहिल्या प्रकरणातलं स्वभाववर्णन काढून टाका. जीव तुटेल, पण काढा. शेवटी कोण कुणाला बुडवतो हे आत्ता ठरवू नका. ही दोन दृश्यं नीट लिहून झाली की कदाचित तुम्हालाच शेवट वेगळा दिसेल.

प्रश्न : आम्ही लातूरच्या सात-आठ मैत्रिणी दर महिन्याला एक पुस्तक वाचतो. यावेळी रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' वाचली. कहाणी गंगाराम शिंप्याची, पण सांगते त्याची बायको. आमच्यात वाद झाला. एक मैत्रीण म्हणते, ती नवऱ्याचीच बाजू घेणार, तिच्या सांगण्यावर विश्वास कसा ठेवायचा? मला तर तिचंच खरं वाटलं. तुमचं मत?
(एक वाचक, लातूर)

उत्तर : तुमच्याच जिल्ह्यातल्या काटगावच्या लेखकाची कादंबरी तुम्ही मिळून वाचलीत, याचा मला फार आनंद झाला. 1971 साली 'पाचोळा' आली. आपल्याकडच्या बाईची बोली अख्खी कादंबरी पेलू शकते, हे तिनं दाखवून दिलं. अंबाजोगाईला शिकवताना मी तिची पानं वर्गात मोठ्यानं वाचायचे. खेड्यातून आलेल्या मुली आधी लाजायच्या, मग माना वर करायच्या. आपली आई बोलते तसं पुस्तकात छापलेलं त्यांनी आधी पाहिलेलं नसायचं.

मी तुमच्या बाजूची आहे, पण तुमच्या मैत्रिणीची शंकाही रास्त आहे. निवेदक घरातलाच असला की वाचकानं सावध राहावंच.

एक करून बघा. गंगाराम ज्यात अडून बसतो असा कुठलाही प्रसंग घ्या आणि तो गंगारामच्याच तोंडून सांगा. पुढच्या बैठकीत आळीपाळीनं प्रत्येकीनं सांगून बघावं. काय होईल? प्रत्येक भांडण तो जिंकेल. त्याचा स्वाभिमान त्याला एवढा लखलखीत दिसतो, की त्या हट्टाची किंमत घरात कोण मोजतंय हे त्याच्या सांगण्यात येणारच नाही. ती किंमत बायकोला दिसते, कारण तिला चूल पेटवायची असते. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला लेक, मध्ये तिचा जीव ओढला जातो. तिला नवऱ्याचा अभिमानही आहे आणि त्याच्या हट्टाची धास्तीही. दोन्ही एकाच वेळी, एकाच श्वासात बोलणारी बाई मला खोटी वाटत नाही. खोटं सांगणारा माणूस त्यातलं एकच निवडतो.

आणि तिच्यामुळंच आपण गंगारामवर विश्वास ठेवतो. तो ताठ, ती वाकणारी; पण तिच्या वाकण्यामुळं त्याचा ताठपणा कधी उंच दिसतो, कधी नुसताच कडक. ती नसती तर गंगाराम गावच्या सत्तेशी भिडणारा एक वीर पुरुष झाला असता. वीर पुरुषांच्या गोष्टी लगेच विसरल्या जातात. गंगाराम विसरता येत नाही.

पुढच्या महिन्यासाठी उद्धव शेळके यांची 'धग' घ्या, असं सुचवते. 1960 ची आहे, वऱ्हाडातली. तिथलं घरही शिंप्याचंच. पण तिथला महादेव गंगारामच्या अगदी दुसऱ्या टोकाला : संसाराचा भार अंगावर घेणं त्याला जमत नाही, आणि कौतिक राबराब राबून घर धरून ठेवते. 'पाचोळा'त नवऱ्याच्या ताठपणानं बाई पिचते, 'धग'मध्ये त्याच्या ढिलेपणानं. दोन कादंबऱ्या पाठोपाठ वाचल्या की दोन नवरे आपोआप समोरासमोर उभे राहतात. माझ्या मते पुरुषाच्या स्वभावाचा इतका कडक हिशोब मराठीत फार थोड्या ठिकाणी झालाय, आणि या दोन्ही ठिकाणी तो बाईच्या कष्टातून मांडलाय. तुमच्या मैत्रिणीला विचारा, महादेवची बाजू कौतिकनं घ्यायची ठरवली असती तर काय उरलं असतं?

प्रश्न : मी परभणीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विरोधी व्यक्तिरेखा म्हणजे खलनायकच का? परीक्षेत काय लिहावं?

उत्तर : नाही. खलनायक नायकाच्या आड येतो. विरोधी व्यक्तिरेखेनं आड यायची गरज नसते, ती शेजारी असली तरी पुरे.

वि. स. खांडेकरांची 'ययाति' (1959) उदाहरणाला घे. ययाति आणि कच यांचं वैर नाही. एक भोगाच्या मागं धावतो, दुसरा स्वतःला आवरतो. कच कथेत आहे म्हणून ययातीची घसरण आपल्याला मोजता येते. आणखी एक गोष्ट उत्तरात लिही, सहसा कुणी लिहीत नाही : ही कादंबरी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा अशा तिघांच्या निवेदनातून पुढं जाते, कचाला स्वतःचं निवेदन नाही. तो आपल्याला या तिघांच्या डोळ्यांतूनच दिसतो. तिघांचे स्वभाव एवढे वेगळे असूनही कचाबद्दलचा आदर तिघांच्याही बोलण्यात येतो, म्हणून वाचकाचा त्याच्यावर विश्वास बसतो. तो स्वतः आपली थोरवी सांगत बसला असता तर बसला नसता. मूळ कादंबरी वाच, गाईडवर विसंबू नकोस.

प्रश्न : मी उदगीर तालुक्यातला शेतकरी, वय झालंय. आमच्या देवळात चातुर्मासात पोथी लागते. तुम्ही मागच्या अंकात लिहिलं होतं की उलट स्वभावाची माणसं एकमेकांना उघडं करतात. पण वैऱ्यांमध्ये विश्वास असू शकतो का? मला तरी कुठं दिसला नाही.

उत्तर : दादा, तुमच्या पोथीतच आहे. उद्योगपर्व पुन्हा ऐका.

कृष्णाची शिष्टाई फसते. हस्तिनापुरातून निघताना तो कर्णाला रथात घेतो आणि त्याच्या जन्माची गोष्ट सांगतो : तू कुंतीचा थोरला लेक, पांडवांकडं चल, राज्य तुझं. कर्ण नाही म्हणतो. सूताच्या घरी वाढलो, दुर्योधनाचं मीठ खाल्लं, आता फिरणार नाही. हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्यापुढं तो कृष्णाला एक विनवणी करतो, तिच्यावरून आपण भराभर पुढं जातो. तो म्हणतो, ही गोष्ट युधिष्ठिराला कळू देऊ नकोस. त्याला कळलं की मी थोरला, तर तो राज्य घेणार नाही, मला देईल. आणि मला मिळालं तर मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन.

या एका बोलण्यात किती माणसं उभी राहिली बघा. दुर्योधनासाठी कर्ण कुठवर जाईल हे कळलं. स्वतःचा तो स्वभाव त्याला पुरता ठाऊक आहे हेही कळलं. आणि ज्याच्याशी उद्या लढायचं, त्या धर्मराजाच्या सचोटीबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नाही. दुर्योधन युधिष्ठिराला आयुष्यभर जवळून पाहत आला, त्याला ही सचोटी दिसली नाही. कर्णाला दिसली. शिवाय हे गुपित तो ठेवायला देतो कुणाकडं, तर पांडवांच्या बाजूच्या कृष्णाकडं. कृष्णही ते पाळतो, युद्ध संपेपर्यंत युधिष्ठिराला काही कळत नाही.

आता तुम्ही विचाराल, कर्णाचा अंदाज बरोबर होता हे कशावरून? त्यासाठी युद्ध संपेपर्यंत थांबावं लागतं. मेलेल्यांना तिलोदक द्यायची वेळ येते, तेव्हा कुंती तोंड उघडते : कर्णालाही द्या, तो तुमचा थोरला भाऊ. जिंकलेला युधिष्ठिर कोसळतो. समोर आलेलं राज्य त्याला नको होतं, वनात जायची भाषा तो करतो, आणि भाऊ, द्रौपदी, ऋषी सगळे मिळून त्याची समजूत घालत बसतात. कर्ण रथात जे बोलला होता, ते इथं जसंच्या तसं घडताना दिसतं, फक्त ते बघायला तो उरलेला नाही. तुमच्या देवळात शांतिपर्वाचा आरंभ वाचला जाईल त्या दिवशी पोथी सांगणाऱ्याला थोडं थांबवा, आणि उद्योगपर्वातला तो भाग त्याला पुन्हा एकदा वाचायला सांगा.